टाकी भरलेली, कापूस कोरडा

काचेत लिक्विड काठोकाठ दिसतंय, बॅटरी भरलेली आहे, तरीही तिसऱ्या झुरक्याला घशात जळक्या कापसाची तिखट चव येते. रिबिल्डेबल टँक, म्हणजे जिच्यात कॉइल आणि कापूस स्वतःच्या हाताने बसवायचा अशी व्हेपची टाकी वापरणाऱ्याला हा अनुभव कधी ना कधी येतोच. मग उपाय सुरू होतात. कोणी आणखी कापूस कोंबतो, कोणी वॅट उतरवतो, कोणी लिक्विडच्या बाटलीला बोल लावतो आणि काही उत्साही मंडळी सरळ नवी टाकी मागवतात. दोष बहुतेक वेळा कापसातच असतो, पण तो कापूस कमी पडल्याचा क्वचितच असतो.

पुढे जाण्याआधी दोन गोष्टी स्पष्ट असलेल्या बऱ्या. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठवणूक आणि जाहिरात या सगळ्यावर बंदी आहे. तेव्हा हा लेख ब्रिटनसारख्या, जिथे ही उपकरणं कायदेशीर आहेत अशा देशांत राहणाऱ्या आणि सिगारेट सोडण्यासाठी व्हेपकडे वळलेल्या प्रौढ वाचकांसाठी आहे. दुसरी गोष्ट, जो सिगारेट ओढतच नाही त्याने यात पडायचं काही कारण नाही. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस व्हेपिंगला धूम्रपानापेक्षा कमी घातक म्हणते, निर्धोक म्हणत नाही. तिथे १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकायच्या व्हेपची विक्री बंद झाली. त्यामुळे ज्यांची भरून वापरायच्या टाकीशी पहिल्यांदाच गाठ पडली, त्यांतल्या हौशी लोकांना आज ना उद्या हा कापसाचा खेळ खेळावा लागणार.

कापसाची दोन कामं

टाकीची रचना एकदा डोळ्यांसमोर आणली की निम्मं निदान आपोआप होतं. तळाशी डेक असतो, त्यावर दोन स्क्रूंनी कॉइल आवळलेली असते. कॉइलच्या पोटातून कापसाची वात जाते आणि तिची दोन शेपटं डेकच्या कडेच्या खाचांमध्ये उतरतात. वरून चिमणीसकट एक टोपी बसते आणि कॉइलची छोटी खोली तयार होते. या खोलीभोवती, काचेच्या आत, लिक्विड. काचेतून कॉइलपर्यंत यायला लिक्विडला त्या खाचांशिवाय दुसरी वाट नाही.

मग सगळं लिक्विड एकदम खोलीत का घुसत नाही? कारण टाकी वरून हवाबंद आहे. थोडं लिक्विड खाली उतरलं की वर कोंडलेल्या हवेचा दाब तेवढा कमी होतो आणि तो कमी दाबच उरलेलं लिक्विड धरून ठेवतो. तुम्ही झुरका घेता तेव्हा खोलीतला दाबही उतरतो, लिक्विड कापसात ओढलं जातं, कॉइल त्याची वाफ करते. झुरका संपला की जितकं लिक्विड गेलं तितकी हवा त्याच खाचांतून, कापसाच्या कडेने, बुडबुडा होऊन वर जाते. झुरक्यानंतर काचेत एखाददुसरा बुडबुडा चढताना दिसला की समजायचं, टाकीचा श्वास नीट चालू आहे.

म्हणजे कापसाला एकाच वेळी दोन कामं करायची आहेत. लिक्विड आत आणायचं आणि खाचेला बूच म्हणून बसून पूर अडवायचा. बूच फार घट्ट झालं की बुडबुड्याला वर जायला जागा राहत नाही, वरचा दाब उतरतच जातो आणि एका क्षणी लिक्विड यायचं थांबतं. बूच सैल झालं की दाब टिकत नाही, खोली भरते, गुडगुड होते आणि हवेच्या भोकांतून लिक्विड टेबलावर येतं. कोरडा झुरका आणि गळती हे दोन वेगळे आजार वाटतात, पण ते एकाच काट्याच्या दोन टोकांना आहेत. एकावरचा उपाय जास्त झाला की दुसरा हजर होतो.

‘जास्त कापूस म्हणजे जास्त लिक्विड’ ही समजूत इतकी पक्की का आहे, हेही पाहण्यासारखं आहे. तंतूंमधल्या बारीक फटींतून द्रव आपोआप वर चढतो. फट जितकी अरुंद तितका तो अधिक उंच चढतो. हे खरं आहे. पण अरुंद फटीतून तो चढतो फार सावकाश. घट्ट वात उंचावर पोचवते, सैल वात भरभर पोचवते. आपल्या टाकीत लिक्विडला सेंटीमीटरभर अंतर कापायचं असतं, त्यामुळे उंचीची गरजच नाही. गरज आहे ती वेगाची. रॉकेलचा वातीचा स्टोव्ह वापरलेल्या घरांना हे वेगळं सांगायला नको: नळीत वात ठासून बसली की खाली टाकी भरलेली असूनही ज्योत मरतुकडीच राहायची.

कधी कोरडं पडतं ते आधी पाहा

टाकी उघडून कापूस उपटायची घाई करू नका. कोरडेपणा नेमका कोणत्या वेळी येतो, यावरून दोष कुठे आहे ते बरंचसं कळतं.

नवा कापूस बसवल्यावर पहिलाच झुरका जळका लागला, तर कापूस पुरता भिजलेलाच नाही, किंवा खाचेत हवेचा फुगा अडकून बसला आहे. कापूस बसवल्यावर डेकवरच, टोपी लावण्याआधी, थेंब थेंब लिक्विड सोडून तो पूर्ण भिजवायचा. नुसता वरून ओला दिसणारा कापूस आत कोरडा असू शकतो. म्हणून थेंब सोडा, दहा सेकंद थांबा, पुन्हा सोडा आणि कापूस लिक्विड प्यायचा थांबला की मगच टोपी. टाकी भरल्यावर पाच-दहा मिनिटं ती तशीच उभी ठेवा. मग हवेची कडी, म्हणजे हवेच्या भोकांभोवतीची फिरती कडी, बोटाने झाकून, बटण न दाबता, एक-दोन हलके झुरके घ्या. बुडबुडा वर गेला की फुगा सुटला. इथे जोर लावू नका, नाहीतर लिक्विड थेट तोंडात येईल.

पहिले दोन-तीन झुरके छान आणि लागोपाठ घेतले तर चौथा कोरडा, ही सगळ्यात जास्त आढळणारी तक्रार. यात खर्च आवकेपेक्षा जास्त आहे. आवक कमी का, हे शोधायला एक सोपी चाचणी आहे. चौथा झुरका कोरडा लागेल अशी शंका आली की थांबा, हवेची कडी बंद करा, टाकी सरळ धरून भरण्याचं वरचं झाकण किंचित सैल करा आणि लगेच घट्ट करा. कडी उघडून पुढचा झुरका घ्या. तो एकदम रसरशीत लागला, तर वरचा दाब अडकून बसला होता. म्हणजे खाचेतली शेपटं दाट आहेत, हवेला परतीची वाट नाही. झाकण सैल करूनही काहीच फरक पडला नाही, तर दोष दाबाचा नाही. वात कॉइलच्या आतच आवळली गेली आहे, किंवा लिक्विड या टाकीसाठी जाड आहे, किंवा तुम्ही वॅट परवडणार नाहीत इतके लावले आहेत. ही एवढी चाचणी केली तर निम्म्या लोकांचा निम्मा कापूस वाचेल.

टाकी भरलेली असताना सगळं ठीक आणि तिसरा हिस्सा उरला की कोरडं, असं होत असेल तर शेपटं आखूड आहेत. ती खाचेत वरच लटकत आहेत, तळाला टेकत नाहीत. टाकी आडवी ठेवून वापरायची सवय असेल तर हा दोष आधीच दिसतो.

दोन कॉइलच्या टाकीत चव अर्धी जळकी, अर्धी ठीक, असं विचित्र लागलं तर एकाच कॉइलचा कापूस उपाशी आहे. उघडून पाहिलंत की तोच करपलेला दिसेल. किंबहुना काढलेला कापूस फेकण्याआधी उजेडात धरून पाहायची सवय लावा. मधोमध, कॉइलखालीच तपकिरी झाला असेल तर एकूण पुरवठा कमी होता. एका टोकाकडे तपकिरी असेल तर त्या बाजूची खाच बंद होती. एकाच वेटोळ्याखाली काळा ठिपका असेल तर कापसाचा दोष नाही, तारेचं ते वेटोळं बाकीच्यांपेक्षा जास्त तापतंय.

आठवडाभर सुरळीत चाललं आणि मग हळूहळू चव मंद होत कडवट झाली, तर शोध घ्यायची गरज नाही. कॉइलवर काळा थर साचला आहे. गोड लिक्विडमध्ये सुक्रलोज असतं, ते जळून तारेला चिकटतं आणि तारेवरचा हा कडक थर कापूस आणि तार यांच्यामध्ये येतो. कापूस बदला, कॉइल घासा. डेझर्टच्या चवीची लिक्विडं वापरणाऱ्यांनी हे दर दोन-तीन दिवसांनी करावं लागलं तर नवल मानू नये.

कापूस बसवताना

आता मुख्य काम. आधी कॉइल. कापूस घालण्यापूर्वी ती दहा-बारा वॅटवर थोडं थोडं बटण दाबून तापवा आणि चिमट्याने हलकेच घासून सारखी करा. चिमटा सिरॅमिकच्या टोकांचा हवा, नाहीतर शॉर्ट होईल. लाली मधून सुरू होऊन दोन्ही बाजूंना समान पसरली पाहिजे. एखादं वेटोळं आधी पेटत असेल तर ते आत्ताच सुधारायचं. कंथल, नायक्रोम, स्टेनलेस स्टील अशा तारांना हे चालतं. टायटॅनियम किंवा शुद्ध निकेलची तार लाल करू नये. कॉइलचे पाय टोपीला टेकत नाहीत ना आणि मीटरवर ओहमचा आकडा स्थिर आहे ना, तेही पाहा. एकदा कापूस घातला की तो पूर्ण भिजेपर्यंत बटणाला हात नाही.

कापूस कोणता, यावर लोक तावातावाने भांडतात. खरं तर बिनरसायनाचा, स्वच्छ, लांब तंतूंचा कुठलाही कापूस चालतो. जपानी कापसाच्या चौकोनी गाद्या येतात, त्यांचे वरखालचे दाबलेले पापुद्रे काढून टाका. गादी दोन्ही दिशांनी हलकेच ओढून बघा. एका दिशेने ती सहज ताणली जाते, दुसरीकडे ताठ राहते. तंतू ताठ दिशेने धावतात, पट्टी त्याच दिशेने कापायची. आडवी कापली तर लिक्विडला तंतूंवरून उड्या मारत यावं लागतं आणि तुम्ही मात्र वॅटशी झुंजत बसता. बुटाच्या नाडीसारखा, टोकाला प्लॅस्टिक लावलेला कापूस नवख्यांना सोपा जातो. त्याची जाडी ठरलेली असल्यामुळे तीन मिलिमीटर व्यासाच्या कॉइलला बहुधा नीट बसतो. अडीच मिलिमीटरच्या कॉइलमध्ये घालायचा तर त्यातले थोडे तंतू काढावे लागतात.

कॉइलमधून ओढताना वात किती घट्ट असावी? ओढताना बोटांना हलका विरोध जाणवला पाहिजे, पण कॉइल जागची हलता कामा नये. कॉइल वाकडी झाली किंवा ओढताना चरचर आवाज आला तर कापूस जास्त आहे. उलट, वात आतबाहेर सुळकन सरकत असेल तर ती तारेला सगळीकडून टेकणार नाही. मग कोरड्या जागी तार तापेल आणि ओल्या जागी लिक्विड उडून जिभेला चटके बसतील. एक बारकावा असा की ओला कापूस फुगतो. कोरडा असताना अगदी बरोबर वाटलेला भिजल्यावर किंचित घट्ट होतो, म्हणून शंका असेल तेव्हा सैलपणाकडे झुका. रेयॉन वापरणाऱ्यांनी मात्र उलट करायचं. रेयॉन भिजल्यावर फुगत नाही, त्यामुळे तो कापसापेक्षा घट्ट बसवावा लागतो.

ओढून झाल्यावर शेपटं कुठे कापायची हे टाकीटाकीवर अवलंबून आहे, पण बहुतेक डेकसाठी बाहेरच्या कडेच्या जरा पलीकडे कापलेलं चालतं. आता खरी कला. शेपटं कंगव्याने किंवा चिमट्याच्या टोकाने विंचरायची आणि सुटे, जाडे तंतू काढून टाकायचे. कॉइलमधला भाग जसा आहे तसा राहू द्या. पातळ करायची ती फक्त खाचेत जाणारी शेपटं. दोन्ही टोकं तिरकी कापली तर खाचेत जाताना ती घडी न पडता पसरतात. चिमट्याने शेपूट खाचेत उतरवताना ते तळाला नुसतं टेकू द्या. दाबून बसवायचं नाही आणि पीळही पडू द्यायचा नाही. वरून बघितलं तर खाच पूर्ण झाकलेली दिसली पाहिजे, पण चिमट्याचं टोक लावलं तर कापूस हलला पाहिजे. लोक नेमके इथेच चुकतात. उरलेली लांबी ‘असू दे, लिक्विड ओढेल’ म्हणून खाली कोंबून टाकतात आणि बूच पक्कं करून घेतात.

टोपी फिरवून लावताना कापसाचा एखादा तंतू आट्यांमध्ये अडकला तर दोन्ही आजार एकदम होतात. तिथे टोपी नीट बसत नाही म्हणून गळती आणि आवळलेल्या बाजूला कोरडेपणा. म्हणून टोपी लावण्याआधी भिजलेला कापूस चिमट्याने आत सारून घ्या, कडेवर एकही केस राहू देऊ नका.

टाक्यांचे स्वभावही वेगळे असतात. काइफनसारख्या टाकीत लिक्विडची वाट कमीजास्त करता येते. तिथे कोरडं पडत असेल तर कापसाला हात लावण्याआधी ती पूर्ण उघडी आहे का ते पाहा. झ्यूससारख्या टाकीत हवा वरून येते, त्यामुळे कापूस थोडा सैल राहिला तरी लगेच टेबलावर तळं होत नाही. नवख्याने अशाच टाकीने सुरुवात करावी, असं माझं मत आहे. चव थोडी कमी लागते असं जाणकार म्हणतात, पण खिसा कोरडा राहतो.

लिक्विड आणि थंडी

ई-लिक्विडमध्ये मुख्यतः दोन पदार्थ असतात: प्रोपिलीन ग्लायकॉल आणि व्हेजिटेबल ग्लिसरीन. ग्लिसरीन प्रोपिलीन ग्लायकॉलपेक्षा वीस-पंचवीस पट जाड. त्यामुळे सत्तर-तीसचं लिक्विड, म्हणजे सत्तर टक्के ग्लिसरीन, छोट्या खाचांच्या, सिगारेटसारखा घट्ट झुरका देणाऱ्या टाकीत घातलं तर कापूस कितीही नीट बसवला तरी ते कूर्मगतीनेच येणार. अशा टाकीला पन्नास-पन्नासचं लिक्विड द्या. ब्रिटनमध्ये निकोटिनचं लिक्विड जास्तीत जास्त दहा मिलिलिटरच्या बाटलीत आणि मिलिलिटरला वीस मिलिग्रॅमपर्यंतच विकता येतं. त्यामुळे पन्नास मिलिलिटरच्या बिननिकोटिनच्या बाटलीत अठरा मिलिग्रॅमची दहा मिलिलिटरची बाटली ओतून तीन मिलिग्रॅमचं मिश्रण करायची पद्धत रूढ आहे. या मोठ्या बाटल्यांतलं लिक्विड बहुधा सत्तर-तीसचं असतं. तेच लिक्विड घट्ट झुरक्याच्या टाकीत घालून ‘टाकी खराब निघाली’ म्हणणारे पुष्कळ असतात. उलटही घडतं: मोठ्या खाचांच्या टाकीत पन्नास-पन्नासचं पातळ लिक्विड ओतलं की ती गळते. तिथे शेपटं थोडी दाट ठेवायची.

आणि थंडी. ग्लिसरीन गार झालं की झपाट्याने जाड होतं. वीस अंशांवरून दहावर आलं तरी त्याची जाडी दुपटीहून जास्त होते. मँचेस्टरच्या जानेवारीत रात्रभर गाडीत राहिलेली टाकी सकाळी कोरडी लागली तर कापसाला दोष देऊ नका. ती आतल्या खिशात ठेवून गरम होऊ द्या आणि पहिले झुरके दोन-दोन मिनिटांच्या अंतराने घ्या.

वॅट किती

याबद्दल थोडक्यात. वॅट कॉइलच्या तारेच्या पृष्ठभागावर वाटले जातात, म्हणून नुसता ‘वीस वॅट’ हा आकडा काही सांगत नाही. २६ गेजच्या कंथल तारेची, तीन मिलिमीटर व्यासाची, सहा वेटोळ्यांची कॉइल घ्या. तिचा पृष्ठभाग ऐंशी चौरस मिलिमीटरच्या आसपास भरतो. वीस वॅटला प्रत्येक चौरस मिलिमीटरवर पाव वॅट. तीच कॉइल चाळीस वॅटवर चालवली तर वाफ दुप्पट होत नाही, कारण कापूस दुप्पट लिक्विड आणून देऊ शकत नाही. उरलेली उष्णता कापूसच खातो. कमी वॅटवर सुरुवात करून दोन-दोनने चढवा आणि झुरका जिथे गरम पण रसदार लागतो तिथे थांबा. स्टेनलेस स्टीलची कॉइल आणि तापमान राखणारा मॉड (बॅटरीचं उपकरण) असेल तर कोरडं पडताच मॉड स्वतःच वीज कमी करतो. अशा सेटिंगवर वाफ अचानक पातळ होणं हा बिघाड नाही, तुमचा कापूस उपाशी असल्याचा निरोप आहे.

कोरडा झुरका सहन करून ‘अजून एक घेऊन बघू’ म्हणणं मात्र मूर्खपणाचं. लिक्विड असेपर्यंत तारेची उष्णता ते उकळण्यात जाते. ते संपलं की तार भडकते, ग्लिसरीन फुटून अ‍ॅक्रोलिन आणि फॉर्मल्डिहाइडसारखे विषारी पदार्थ तयार होतात. २०१५ च्या जानेवारीत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांचं एक पत्र छापून आलं. जास्त व्होल्टवर वाफेत फॉर्मल्डिहाइडशी जोडलेली संयुगं भरपूर सापडल्याचं त्यात होतं आणि त्यावर मोठं काहूर उठलं. त्याच वर्षी ग्रीसमधल्या कॉन्स्टँटिनोस फार्सालिनोस आणि सहकाऱ्यांनी ‘अ‍ॅडिक्शन’मध्ये दाखवलं की इतकं प्रमाण कोरड्या झुरक्याच्या स्थितीत येतं आणि तो झुरका इतका घाण लागतो की माणूस तो टाळतो. म्हणजे इथे तुमची जीभच मीटर आहे. ती ‘नको’ म्हणाली की थांबायचं, आणि करपलेला कापूस भिजवून पुन्हा वापरायचा नाही, कारण ती चव जात नाही.

उलटी तक्रार

गळतीचे बरेचसे किस्से भरतानाच घडतात. वरचं झाकण उघडलं की लिक्विड धरून ठेवणारा कमी दाब संपतो आणि लिक्विड खाचांतून कॉइलच्या खोलीत उतरू लागतं. म्हणून आधी हवेची कडी आणि लिक्विडची वाट असेल तर तीही बंद करा, मग झाकण उघडा. पूर्ण काठापर्यंत भरू नका, वर थोडी हवा राहू द्या. मात्र झाकण फिरवताना ती हवा दाबली जाते आणि लिक्विडला खाली ढकलते. हे टाळायला झाकण लावून झाल्यावर टाकी उलटी करा आणि मग हवेची कडी उघडा. उलट्या टाकीत हवा डेकच्या बाजूला येते, त्यामुळे वाढलेला दाब लिक्विडऐवजी हवा बाहेर काढून मोकळा होतो. हा दोन सेकंदांचा उद्योग ज्यांनी अंगवळणी पाडला, त्यांच्या खिशातले रुमाल कोरडे राहतात.

भरताना नाही, पण रात्रभर उभी ठेवल्यावर गळते, तर रबरी रिंगा तपासा. काचेच्या वरच्या टोकाची आणि भरण्याच्या झाकणाची रिंग आधी. त्यांतून हवा सूक्ष्म प्रमाणात आत शिरत असेल तर खालचा कापूस कितीही चांगला असो, लिक्विड हळूहळू उतरणारच. रिंग कोरडी, सपाट किंवा चिरलेली दिसली तर बदला. टाकीसोबत जादा रिंगांची पुडी असते, ती फेकू नका. काचेऐवजी प्लॅस्टिकची टाकी असेल तर लिंबूवर्गीय किंवा दालचिनीच्या चवीचं लिक्विड तिला तडे पाडू शकतं. बारीक तडा म्हणजे हवेला दार.

तक्रार या दोन्ही प्रकारांतली नसेल आणि नुसती गुडगुड व तोंडात उडणारे थेंब असतील, तर कापूस कमी आहे किंवा वॅट इतके कमी आहेत की आलेलं लिक्विड उडत नाही. आधी वॅट थोडे वाढवून बघा, कारण त्याला डेक उघडावा लागत नाही. साचलेलं लिक्विड काढायला टिश्यू पेपर हवेच्या भोकांशी धरून टाकीला एक झटका द्या. हात लगेच धुवा. निकोटिन कातडीतून शिरतं. लहान मुलं आणि पाळीव प्राणी यांच्या आवाक्यात ना बाटली ठेवायची ना वापरलेला कापूस.

प्रवासात

विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीवरच्यापेक्षा कमी असतो, सुमारे आठ हजार फूट उंचीवर असतो तितकाही उतरतो. टाकीत कोंडलेली एक मिलिलिटर हवा तिथे तिसऱ्या हिश्श्याने फुगू शकते आणि तितकंच लिक्विड बाहेर ढकलते. अगदी निर्दोष बसवलेला कापूसही हे अडवू शकत नाही. टाकी रिकामी करून, कापूस टिपून, पिशवीत घाला. बॅटरीचं उपकरण चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, ते हातातल्या सामानात लागतं आणि विमानात वापरायचं नसतं. सुट्टीला भारतात निघाला असाल किंवा वाटेत सिंगापूरला उतरणार असाल, तर मात्र यातलं काहीच सोबत घेऊ नका. सिंगापूरमध्ये व्हेप नुसता जवळ बाळगणंही गुन्हा आहे. भारतात आयात आणि साठवणूक दोन्हीला बंदी आहे. साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद, पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. निकोटिनची तलफ सांभाळायची असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा फार्मसीत निकोटिनच्या पॅचबद्दल विचारा. परतल्यावर टाकीत जुना कापूस तसाच राहिला असेल तर तो काढून टाका आणि नवा भिजवायला घ्या.